हिंदी कळतंच की!

परवा डोंबिवलीहून ठाण्याला जाताना फास्ट लोकलमध्ये एक मित्र म्हणाला, "सिनेमाची मराठी आवृत्ती हवीच कशाला? हिंदी कळतंच की आपल्याला!" गर्दीत हात वर निघेना, नाहीतर कपाळावर मारून घेतला असता.

१९३० साली बोलपट नवे होते, डबिंग धड जमत नव्हतं. म्हणून जर्मनीत 'द ब्लू एंजल' एकदा जर्मनमध्ये आणि एकदा इंग्रजीत, असा दोनदा चित्रित केला. पुढे डबिंग जमलं आणि युरोपात ही पद्धत मागे पडली.

आणि आपल्याकडे? १९३२ मध्ये प्रभातने कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' मराठीत केला, हिंदीतही केला. १९४१ चा 'शेजारी' घ्या. मिर्झा दोन्ही भाषांत गजानन जागीरदारच. पण त्याचा हिंदू शेजारी मराठीत केशवराव दाते, तर हिंदी 'पडोसी'त मझहर खान! मराठी गाणी शांताराम आठवल्यांनी लिहिली, हिंदीसाठी वेगळी लिहून घेतली. मोठा बाजार हिंदीचा आहे, हे काय व्ही. शांतारामांना कळत नव्हतं? तरी मराठी प्रेक्षकाला त्यांनी उरलंसुरलं वाढलं नाही.

आणि आम्ही? सॉफ्टवेअर मराठीत आणायचं म्हणजे शेवटच्या आठवड्यात शब्दांची यादी अनुवादकाकडे फेकायची. मीही फेकली आहे. मग ते मराठी कुणी वापरत नाही आणि आम्हीच म्हणतो, बघा, मागणीच नाही!

असो. सोमवारी पुन्हा तीच लोकल, तोच मित्र. त्याला 'शेजारी' बघायला लावणार आहे. मराठीतला.