दिवे लागले, पण वारा कुठाय?

मार्च सरला की वरोऱ्यात घरोघरी एकच काम निघते. कूलर पुसायचा, जुन्या ताट्या काढून नव्या भरायच्या, पंप पाणी ओढतो की नाही ते पाहायचे. आमच्या चंद्रपूर जिल्ह्याचे ऊन साऱ्या देशाला ठाऊक आहे. मे २०१९ मध्ये चंद्रपूरचा पारा ४८ अंशांच्या घरात गेला होता. या उन्हात माणसाला वारा लागतो, गुराला सावली लागते, हे कोणी सांगावे लागत नाही. पण कॉम्प्युटरच्या पेटीलाही वारा लागतो आणि तो विकत घेताना माणूस दिव्यांना भुलतो, हे आम्ही आमच्या बहिणीच्या घरी पाहिले. घरात एक कमावते साधन घेतले आणि पहिल्याच उन्हाळ्यात ते आडवे झाले, त्याची ही हकीकत.

आमचा भाचा लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करतो. तीन वर्षे दुसऱ्याच्या दुकानात बसला, मग म्हणाला, आता मशीन स्वतःचे पाहिजे. आमचे भाऊजी जमिनीखालच्या कोळसा खाणीत फिटर होते. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी ८० हजार रुपये काढून दिले. बहिणीचा विरोध होता. तिचे म्हणणे, आधी घरावरचे फुटके कवेलू बदला. शेवटी मशीन आले आणि कवेलू राहिले.

पोराने नागपूरला सीताबर्डीत जाऊन सुटे भाग आणले आणि घरीच जोडले. त्याचे आम्हाला कौतुकच आहे. पेटी अशी की पुढून काळी काच, बाजूने पांढरी काच, आणि पुढच्या काचेमागे तीन पंखे. प्रत्येक पंख्याच्या कडेने निळा, हिरवा, जांभळा असे रंग गोल फिरत राहायचे. पहिल्या संध्याकाळी गल्लीतली सारी लेकरे दारात जमा झाली. खोटे कशाला बोला, आम्हीही अर्धा तास पाहत बसलो होतो.

एप्रिलच्या शेवटी तक्रार सुरू झाली. लग्नसराई म्हणजे याच्या धंद्याचा हंगाम, आणि तोच नेमका उन्हाचा हंगाम. तीन तासांत तयार होणारी फिल्म सहा तास घेऊ लागली. मग मशीन मधेच आपोआप बंद पडू लागले. नवरीकडच्या एका मंडळीने ॲडव्हान्स परत मागितला. एका दुकानदाराला दाखवले, तर त्याने विंडोज पुन्हा टाकून पाचशे रुपये घेतले. तरी फरक पडला नाही. पोराला वाटले पंखे कमी पडतात, म्हणून आणखी एक पंखा आणला, तोही दिव्यांचाच. त्याची दिव्याची पिन चुकीच्या जागी दाबून बसवली आणि दिवे पहिल्याच क्षणी गेले. बहीण एक शब्द बोलली नाही. फक्त वर कवेलूंकडे पाहिले.

त्या रात्री भाऊजी खुर्ची ओढून पेटीसमोर बसले.

"वारा कुठून येऊन राहिला अन् कुठून जाऊन राहिला, ते दाखव आधी."

"बाबा, पुढं तीन पंखे आहेत ना."

"ते दिसून राहिलं मले. जाते कुठून, ते विचारून राहिलो."

पोराजवळ उत्तर नव्हते. कॉम्प्युटर भाऊजींना उघडता येत नाही, पण वाऱ्याची वाट त्यांना पाठ आहे. जमिनीखालच्या खाणीला हवेचे निदान दोन रस्ते लागतात. एका रस्त्याने ताजी हवा उतरते, सगळ्या कामाच्या जागी फिरते आणि दुसऱ्या रस्त्याने बाहेर पडते. मोठा पंखा बहुधा वर जमिनीवर, हवा बाहेर पडते त्या तोंडाशी असतो आणि तो आतली हवा ओढून काढतो. दोन रस्त्यांच्या मधे दारे असतात. एक दार चुकून उघडे राहिले की हवा पुढे कामगारांपर्यंत जातच नाही, मधूनच परत फिरते. पंखा वर जोरात फिरत असतो आणि खाली माणूस घुसमटतो. भाऊजींनी हे आयुष्यभर पाहिलेले.

त्यांनी उदबत्ती पेटवायला लावली. घरात कोणालाही करता येईल अशी ही परीक्षा आहे. चालू मशीनच्या पुढे धूर धरला. काचेच्या कडेला बोटभर फट होती, तेवढ्यातूनच थोडा धूर आत ओढला जात होता. मागच्या जाळीपाशी धूर धरला, तर तो जागीच घुटमळत राहिला. मागे पंखाच नव्हता. वरून सारी पेटी टेबलाच्या कप्प्यात, भिंतीला पाठ लावून ठेवलेली. कूलरचेही असेच नाही का? खिडकीत कूलर लावला आणि समोरचे दार बंद केले, तर खोली दमट होते, गार होत नाही. हवेला जायला वाट पाहिजे.

आता थोडा हिशेब सांगतो. एडिटिंग चालू असताना असे मशीन ३०० वॉट वीज खात असेल, तर ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन पेटीत उतरते. पेटीतून मिनिटाला ५० घनफूट हवा खरोखर आरपार गेली, तर ती हवा बाहेर पडताना खोलीपेक्षा साधारण ११ अंशांनी गरम असते. हवा निम्मी झाली की हा फरक दुप्पट, म्हणजे २२ अंश. खोलीच ४२ अंशांची असेल, तर पेटीतली हवा ६४ वर गेली, आणि त्या हवेने प्रोसेसरला थंड करायचे. ९५ ते १०० अंशांच्या आसपास गेला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी हळू चालतो, आणि तरी भागले नाही तर बंद होतो. पोराच्या मशीनमध्ये बिघाड नव्हताच. ते उन्हात चालून धाप लागलेल्या माणसासारखे बसत होते.

पंखा हवा गार करत नाही, हेही ध्यानात घ्या. कूलर पाणी उडवून हवा गार करतो, पंखा फक्त हवा हलवतो. म्हणून पेटीतली हवा खोलीपेक्षा गार होऊच शकत नाही. यावर काही जण कूलरचे तोंडच कॉम्प्युटरकडे करतात. तसे करू नका. ओल्या हवेने आत गंज चढतो. मशीन त्याच खोलीत असू द्या, पण झोतापासून बाजूला.

मग पंखा निवडावा कसा? खोक्यावर मिनिटाला इतके घनफूट असा आकडा छापलेला असतो. तो मोकळ्या हवेतला आकडा आहे. जाळी, फिल्टर, काच मधे आली की तो घटतो. म्हणून शेजारी छापलेला दाबाचा आकडाही पाहावा. तो पाण्याच्या मिलिमीटरमध्ये असतो. पुढे फिल्टरमागे बसणाऱ्या पंख्याला दाब जास्त असलेला बरा. आकार बहुतेक १२० किंवा १४० मिलिमीटरचा मिळतो. पेटीत जागा असेल तर मोठा घ्यावा, कारण तो हळू फिरूनही तेवढीच हवा देतो आणि आवाज कमी करतो. पंख्याचा वेग पाऊणपट केला, तर त्याला लागणारी शक्ती निम्म्याहूनही खाली येते.

पंख्याच्या आतले बेअरिंगही विचारावे. सर्वात स्वस्त पंख्यात साधे बुशचे बेअरिंग असते. ते उष्णतेत लवकर कोरडे होते आणि पंखा आडवा, म्हणजे पेटीच्या छताला बसवला, तर आणखी लवकर. मग खरखर सुरू होते. बॉल बेअरिंग किंवा तेलाच्या दाबावर फिरणारे बेअरिंग थोडे महाग पडते, पण आमच्याकडच्या उन्हाळ्यात ते पैसे वाया जात नाहीत.

आता दिव्यांबद्दल. पंख्याला दिवा लावल्याने एक अंशही थंडावा वाढत नाही. पण दिव्यांवर राग धरण्याचेही कारण नाही. तीन पंख्यांचे दिवे मिळून जेमतेम एका एलईडी बल्बाएवढी वीज खातात. आणि हे रंग येतात कुठून, ते पोरांना जरूर सांगावे. लाल एलईडी १९६२ पासून होता, हिरवाही आला, पण झगझगीत निळा काही केल्या जमत नव्हता. जपानमधल्या निचिया कंपनीत काम करणाऱ्या शुजी नाकामुरा यांनी तो १९९३ मध्ये करून दाखवला. इसामू आकासाकी आणि हिरोशी आमानो हे त्याच वाटेने आधीपासून काम करत होते. तिघांना २०१४ चे नोबेल मिळाले. त्या निळ्याशिवाय पंख्यातले हे फिरते रंग शक्य नव्हते, आणि आपल्या घरातला पांढरा एलईडी बल्बही नव्हता.

फसगत होते ती वायरींत. दिव्याच्या पंख्याला बहुधा दोन वायरी असतात, एक मोटरची आणि एक दिव्याची. मोटर १२ व्होल्टची असते. तिला तीन पिना असतील किंवा चार. चार पिनांचा घ्यावा, म्हणजे उष्णता पाहून मदरबोर्ड त्याचा वेग नीट कमीजास्त करतो. दिव्याच्या वायरीचे दोन प्रकार. सगळे दिवे एकाच वेळी एकच रंग दाखवतात ते आरजीबी, ते १२ व्होल्टचे आणि चार पिनांचे. प्रत्येक दिवा वेगळा रंग दाखवतो, रंग पळताना दिसतात ते एआरजीबी, ते ५ व्होल्टचे आणि तीन पिनांचे. ५ व्होल्टचा दिवा १२ व्होल्टच्या पिनांवर गेला की संपला. आमच्या भाच्याने जोर लावून नेमके हेच केले होते. पिन सहज बसत नसेल तर हात थांबवावा आणि मदरबोर्डचे पुस्तक उघडावे. काही स्वस्त पंखे या दोन्हींत बसत नाहीत. त्यांची वायर सरळ पॉवर सप्लायला जाते, ते सदा पूर्ण वेगाने फिरतात आणि त्यांचा रंगही बदलत नाही. विकत घेण्याआधी पिना मोजून पाहाव्यात, दुकानदार घाई करत असला तरी.

पंखा उलटा बसवण्याची चूकही फार होते. बऱ्याच पंख्यांच्या चौकटीवर हवेच्या दिशेचा बाण कोरलेला असतो. बाण नसेल, तर मोटरला धरून ठेवणाऱ्या दांड्या ज्या बाजूला दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते, असे समजावे. हल्ली काचेतून सुंदर दिसावे म्हणून उलट्या पात्यांचेही पंखे निघाले आहेत. तिथे पुन्हा उदबत्तीच कामी येते.

आम्हाला वाटले होते, भाऊजी आता सगळे दिवे काढायला लावतील. पोरगा म्हणाला, "मामा, गिऱ्हाईक घरी येते तेव्हा पहिल्यांदा मशीन पाहते. अंधारी पेटी दिसली की दोन हजार कमी देते." हे म्हणणे खोटे नव्हते. भाऊजींनी ते मान्य केले.

मग असे ठरले. पुढची काळी काच काढून तिथे जाळीचे तोंड असलेली दुसरी पेटी घेतली, जुनी कमी किमतीत विकली. पुढे हवा आत घेणारे दोन साधे, बिनदिव्याचे १४० चे पंखे. दिव्यांचे पंखे दोन ठेवले, एक मागे आणि एक वर, दोन्ही हवा बाहेर टाकणारे. बाजूच्या काचेतून तेच सर्वात जास्त दिसतात. आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा थोडी जास्त राहील असे वेग लावले. त्यामुळे हवा फिल्टरमधून येते, पेटीच्या फटींतून धूळ आत शिरत नाही. आमच्या गावात हे महत्त्वाचे. वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण १८७१ ते १९०६ चालली आणि बंद झाली, पण आजही आजूबाजूला खाणी आहेत, कोळशाचे ट्रक आहेत, वीज केंद्र आहे. खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवले तर काळे होते. ती पूड पात्यांवर आणि प्रोसेसरवरच्या पत्र्यांत बसली की चांगला पंखाही निकामी. ब्लोअरने साफ करताना पाते बोटाने धरून ठेवावे. नाही तर हवेच्या जोराने ते नको तेवढे गरगर फिरते आणि बेअरिंग खराब होते.

पेटी कप्प्यातून काढून टेबलावर, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवली. पहिल्या फिल्मला मशीनने ८१ अंश दाखवले, खोलीत ४१ होते. भाऊजींनी मागच्या पंख्यासमोर तळहात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

ॲडव्हान्स परत मागणाऱ्या मंडळींची फिल्म आठ दिवस उशिरा का होईना, गेली. कवेलू पाऊस लागायच्या आत बदलले, त्यातले निम्मे पैसे पोराच्या कमाईचे. दर रविवारी फिल्टर धुण्याचे काम भाच्याच्या धाकट्या बहिणीने घेतले आहे. एका वेळचे दहा रुपये लावते, आणि उधारी चालत नाही.