नावासकट घ्या

पुण्याच्या जुन्या बाजारात या रविवारी एका जोडप्याने पितळी डबा पसंत केला, भाव पाडला आणि विक्रेत्याला सांगितलं, ‘‘कडेवरचं नाव तेवढं घासून द्या.’’ मंडळी, असं करू नका! जुनी वस्तू घ्यायला जाताना खिशात लोहचुंबक जरूर ठेवा. पितळेला तो चिकटत नाही, मुलामा दिलेल्या लोखंडाला चिकटतो. ‘पेशवाईतलं आहे साहेब’ या वाक्यावर मात्र चुंबक चालत नाही, तिथे झिजलेल्या कडा आणि आतली जुनी कल्हई डोळ्यांनीच पाहावी लागते. दिनकर केळकरांनी आयुष्यभर अडकित्ते, दिवे, दौती जमवल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभारलं; स्वयंपाकघरातल्या वस्तूलाही इतिहास असतो, हे त्यांनी महाराष्ट्राला दाखवलं. भांड्यावरचं नाव हा त्याच इतिहासाचा पुरावा आहे: कुणी दिलं, कुणाला दिलं, लग्नात की मुंजीत. नुसता चकचकीत डबा हवा असेल, तर तो नवा कुठेही मिळतो. जुना घेतलात, तर त्यावरचं नाव राहू द्या आणि शेजारी आपलंही घाला.