विश्रामगृहाला जाताना बंदूक कोणती न्यावी?

थंडीचे दिवस आले की ग्वाल्हेरीच्या जुन्या वाड्यांतून जंगलातील सहलींचे बेत शिजू लागतात. पुण्या-मुंबईहून आणि आता सातासमुद्रांपलीकडूनही मुले, सुना, जावई सुटीला येतात. शिवपुरीकडे किंवा त्याहून आत एखाद्या वनविश्रामगृहात दोन रात्री काढावयाचे ठरते. शिधा कोणी बांधावयाचा, आचारी न्यावयाचा की नाही, याची वाटाघाट होते आणि शेवटी कोणीतरी विचारतेच, 'बरोबर बंदूक कोणती घ्यावयाची?' सर्वांची दृष्टी भिंतीवरच्या दुनळीकडे वळते. प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

एके काळी हा प्रश्न खरोखरीच महत्त्वाचा होता आणि वडीलधारी मंडळी त्याचा विचारही जबाबदारीने करीत. छर्ऱ्याचा मारा चाळीस-पन्नास वारांपलीकडे दुबळा पडतो, म्हणून तो पाखरांपुरता. मोठ्या जनावराला रायफल. मुक्कामाच्या जागी केवळ संरक्षणार्थ ठेवावयाची असेल तर बारा बोराची दुनळी, एका नळीत छर्रे व दुसरीत गोळी, अशी पुष्कळांची रीत होती. ठासणीच्या बंदुकीवर भिस्त ठेवून रानात शिरणाऱ्याला जाणते लोक माघारी धाडीत. आणि बंगल्याची पायरी चढण्यापूर्वी काडतुसे काढून घेण्याचा नियम पाहुण्या सरदारालाही चुकत नसे. शस्त्र बाळगणे ही या घराण्यांत हौस नव्हती, ती एक शिस्त होती.

ही शिस्त सुटली की काय होते, याचा दाखला जिम कॉर्बेट यांनी नोंदवून ठेवला आहे. चंपावतची नरभक्षक वाघीण त्यांनी १९०७ मध्ये मारली. तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी सांगितले जात. मेल्यावर पाहतात तो तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले. ही जुन्या बंदुकीच्या जखमेची करणी, आणि त्यामुळेच नेहमीची शिकार तिला साधेनाशी झाली, असे कॉर्बेट यांचे मत होते. कोणा अनामिकाने चुकीच्या वेळी, चुकीच्या हाताने झाडलेल्या एका गोळीची किंमत कुमाऊं आणि नेपाळच्या खेड्यांनी मोजली. पुढे कॉर्बेट यांच्या हाती बंदुकीपेक्षा कॅमेराच अधिक दिसू लागला, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता आजची स्थिती पाहू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती आणखी आवळली. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या लेखी परवानगीवाचून शस्त्र घेऊन शिरणे हाच मुळी गुन्हा आहे. मग गोळी झाडलेली असो वा नसो. 'आम्हांला शिकार करावयाची नाही, केवळ संरक्षण हवे,' असे म्हणणाऱ्यांनी कायद्याचे आणखी एक कलम वाचावे. जीव वाचविण्यासाठी सद्भावनेने जनावर मारले तर तो गुन्हा होत नाही हे खरे. परंतु त्या क्षणी तो माणूस याच कायद्याचा भंग करीत असेल तर त्याला ही सवलत मिळत नाही. म्हणजे ज्या संरक्षणासाठी बंदूक न्यावयाची, त्या संरक्षणाचा आधारच विनापरवानगी नेलेली बंदूक काढून घेते. शिवाय परवाना कोणत्या हद्दीपुरता आहे, हे मोटार सुटण्यापूर्वी पाहणारे किती?

राहिला भीतीचा प्रश्न. ती खोटी नाही, पण तिचा पत्ता चुकलेला आहे. रानातला मोठा धोका वाघाचा नव्हे, सापाचा. २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यावर उत्तम रायफलही काही करू शकत नाही. तेथे उपयोगी पडते ती चांगली विजेरी, घोट्यावर येणारे बूट, अंथरूण झाडून घेण्याची सवय, आणि सर्पविषावरील लस कोणत्या दवाखान्यात मिळते याची आधी केलेली चौकशी. मोहाची फुले गळण्याच्या दिवसांत पहाटे त्या झाडांखाली अस्वल असते, म्हणून तिकडे फिरावयास जाऊ नये. तिन्हीसांजेनंतर मुलांना ओट्याखाली उतरू देऊ नये. चौकीदार सांगेल ते ऐकावे. त्या रानाची खडान्खडा माहिती आपल्यापेक्षा त्याला आहे. उलट अनोळखी बंगल्यात, मुलाबाळांच्या गर्दीत, खुंटीला टांगलेली बंदूक हाच त्या मुक्कामातील सर्वांत मोठा धोका होऊन बसतो.

या निमित्ताने घरच्या बंदुकीचीही विचारपूस व्हावी. परवानाधारक आजोबा जाऊन वर्षे लोटली आणि दुनळी अजून त्यांच्याच नावावर, असे आपल्या समाजात किती घरी निघेल! वारसाने आपल्या नावे परवाना मागण्याची सोय २०१६ च्या नियमांत आहे. तोवर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचे असते. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावरील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि वारसाहक्काच्या बंदुकाही त्यातून सुटत नाहीत. बेवारस पडलेली बंदूक हे घराण्याचे भूषण नव्हे. ती नातवंडांच्या गळ्यात अडकविलेली कोर्टकचेरी आहे.

शिवपुरीचे रान ही शिंद्यांची शिकारीची जागा. तेथून वाघ नाहीसा झाला आणि २०२३ मध्ये बाहेरून आणून पुन्हा सोडावा लागला. २०२५ मध्ये माधव राष्ट्रीय उद्यान व्याघ्रप्रकल्प म्हणून जाहीर झाले. आपल्या पूर्वजांच्या बंदुकांनी त्या रानाकडून जे घेतले, त्याची थोडी परतफेड करण्याची संधी आपल्या पिढीला मिळाली आहे. तेव्हा कोणती बंदूक न्यावी, या प्रश्नाचे आमचे उत्तर सरळ आहे: कोणतीही नको. दुर्बीण न्या, विजेरी न्या, रानाची माहिती सांगणारे एखादे पुस्तक न्या. दुनळी तेलपाणी करून, काडतुसांपासून दूर, कुलपात राहू द्या. खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहावे, मुलांना तिचा इतिहास सांगावा आणि पुन्हा कुलूप लावावे. तिचा मान एवढ्यानेच राखला जातो.