ऑटोमॅटिक घड्याळ आणि पेणचे काका

गेल्या हिवाळ्यात आमच्या टीमची कोलाडला पिकनिक होती. कुंडलिकेत राफ्टिंग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हे राफ्टिंग निसर्गाच्या मर्जीवर चालत नाही. भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी पाणी सोडतात, त्यावर चालतं. पाणी आलं की निघायचं, उतरलं की खेळ खलास. तर आम्ही बारा सॉफ्टवेअर इंजिनियर काठावर जॅकेटं घालून उभे, मोबाइल सगळे एका पिशवीत बंद, आणि किती वाजले ते एकालाही सांगता येईना. दोघांकडे स्मार्टवॉच होतं, पण नदीच्या भीतीनं त्यांनी तेही पिशवीत टाकलं होतं! शेवटी राफ्टवाल्या पोरानं आपलं काळं, प्लास्टिकचं डिजिटल घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "सव्वानऊ."

आधीच कबूल करून टाकतो: फक्त वेळ बघायची असेल तर त्या पोराचं घड्याळ हे जगातलं सर्वात शहाणं घड्याळ आहे. इथेच लेख संपायला हवा. पण संपत नाही, कारण मला ऑटोमॅटिकच हवं होतं, आणि त्याचं कारण रोह्याच्या घरात एका प्लास्टिकच्या पिशवीत पडून होतं.

मी घड्याळ घालणं सोडलं ते २००४ च्या सुमारास, पहिला मोबाइल आल्यावर. खिशात वेळ असताना मनगटावर कशाला, हा तेव्हाचा युक्तिवाद. आता तो साफ चुकीचा वाटतो. मोबाइलमध्ये वेळ बघायला जातो, तीन निरोप वाचतो, एकाला उत्तर देतो, खिशात ठेवतो आणि मग लक्षात येतं की वेळ बघायचीच राहिली. (तुमचंही असंच होतं. होत नसेल तर तुम्ही थोर आहात.) मध्ये दोन वर्षं स्मार्टवॉचही वापरलं. पनवेलहून दिवा-रोहा गाडीनं घरी जाताना, कासू आणि नागोठण्याच्या मध्ये, मी खच्चून भरलेल्या डब्यात एका पायावर उभा असताना त्यानं मला सांगितलं, "उभे राहण्याची वेळ झाली." त्याच आठवड्यात ते पुतण्याला देऊन टाकलं.

आता पिशवीतल्या घड्याळाबद्दल.

बाबांचं घड्याळ एच.एम.टी. कांचन. ऑटोमॅटिक, वार-तारीखवालं. आई पेणची. लग्नात पेणच्या आजोबांनी जावयाला घातलं. त्या काळी कांचन मिळणं सोपं नव्हतं आणि जावयाच्या मनगटावर ते असणं याला एक वजन होतं. हुंड्याचं घड्याळ अशीच त्याची ख्याती. आज हे लिहिताना जरा ओशाळायला होतं, पण खरं ते खरं. एच.एम.टी.नं १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळानं एच.एम.टी. वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला. मधल्या काळात निम्म्या देशानं त्यांच्यावर दहावीचे पेपर दिले, लग्नं लावली आणि गाड्या पकडल्या.

बाबा धाटावच्या एमआयडीसीत होते, केमिकल प्लँटवर, तीन पाळ्या. त्यांच्या हातातलं ते घड्याळ मला दिसण्यापेक्षा ऐकू जास्त यायचं. पहाटे अंधारात ते शर्ट घालायचे, तेव्हा हात झटकला की घर्रर्र असा बारीक आवाज. तो आवाज आला की समजायचं, पहिली पाळी.

२६ जुलै २००५ ला कुंडलिकेचं पाणी आमच्या घरात शिरलं, दोन फूट. घड्याळ टेबलाच्या खालच्या खणात होतं. पाणी ओसरल्यावर त्याच्या काचेच्या आत चहाच्या रंगाचा डाग होता आणि काटे पावणेचारावर. बाबांनी ते पुसून पिशवीत घातलं. नंतर ते सेलवरचं साधं घड्याळ वापरत राहिले. दुरुस्तीचं कोणी काढलं नाही, तेव्हा दुरुस्त करायच्या गोष्टींची यादी लांब होती.

तर कोलाडहून परत आल्यावर मी आपल्या धंद्याला शोभेल असं केलं, म्हणजे एक एक्सेल शीट बनवली. बजेट तीस हजार. याच्यावरची घड्याळं सुंदर असतात, पण ती घालून मी भर पावसात स्कूटरवर पेण ते वडखळ जाऊ शकणार नाही. जे घड्याळ घालायची भीती वाटते ते खेळाचं घड्याळ नव्हे, तिजोरीतला दागिना, हे माझं ठाम मत आहे.

ऑटोमॅटिक म्हणजे काय हे थोडक्यात. आत एक अर्धगोल वजन फिरतं, ते हाताच्या हालचालीनं स्प्रिंग गुंडाळतं, स्प्रिंग हळूहळू उलगडते आणि तिच्या जोरावर बॅलन्स व्हील डोलत राहतं. आपल्या किमतीतल्या बऱ्याच मशीनमध्ये तासाला २१,६०० ठोके, म्हणजे सेकंदाला ६, दिवसाला ५,१८,४००. सेलच्या घड्याळातलं क्वार्ट्‌झ सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतं (दोनाचा पंधरावा घात, आपल्या लोकांना हा आकडा पाहून बरं वाटेल) आणि महिन्याला पंधरा-वीस सेकंद चुकतं. ऑटोमॅटिक तेवढं एका दिवसात चुकू शकतं. पण दिवसाला २० सेकंद म्हणजे ०.०२३ टक्के. वीज नाही, चिप नाही, नुसती पितळ-पोलादाची चाकं. आमच्या प्रोजेक्टचे अंदाज इतके बरोबर आले असते तर आम्ही सगळे शनिवारी घरी असतो.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. आपण दिवसभर बसून काम करतो. की-बोर्ड बडवून स्प्रिंग फारशी भरत नाही, बोटं हलतात, हात नाही. घरून काम असेल तर आणखी बोंब. साठा साधारण ४० तासांचा, म्हणजे शुक्रवारी रात्री काढून ठेवलं तर रविवारी दुपारी बंद. म्हणून हातानं चावी देता येते का, हे पहिलं विचारा. सीकोची जुनी स्वस्त '५' मालिका, ज्यात ७एस२६ मशीन असायचं, तिला ही सोय नव्हती. मित्रांनी "तीच घे, तीच खरी" म्हणून डोकं खाल्लं, पण मी यादीतून काढली. २०१९ मध्ये सीकोनं नवी '५ स्पोर्ट्स' आणली. त्यातल्या ४आर३६ ला चावी देता येते, चावी ओढली की सेकंदकाटाही थांबतो, पाण्याला १०० मीटर. चांगलं घड्याळ आहे, माझ्या शीटमध्ये शेवटपर्यंत होतं.

दुसरी गोष्ट पाणी. ३० मीटर लिहिलेलं घड्याळ घालून तीस मीटर खोल जाता येतं असं समजू नका, ते हात धुण्यापुरतं. आणि तो आकडा नव्या रबराचा असतो. रबर म्हातारं होतं. रायगडचा पाऊस चार महिने चालतो, हवेतच इतकं पाणी असतं की खोबणीतून शिरलेली वाफ काचेच्या आत दव होऊन बसते. त्यामुळे मला स्क्रू होणारी चावी आणि २०० मीटर हवे होते. चामड्याचा पट्टा आमच्याकडे जुलैत हिरवा होतो, त्यावर बुरशीची नक्षी येते. रबर नाहीतर स्टीलची चेन, तिसरा पर्याय नाही.

ओरिएंटचं माको या कसोट्यांना उतरत होतं. टिसोचं पीआरएक्स दुकानात हातात घेऊन बघितलं, ८० तासांचा साठा वगैरे ऐकलं, किंमत ऐकली, परत ठेवलं. सिटिझनचं त्सुयोसा दिसायला या सगळ्यांत देखणं, नीलमची काच, पण ५० मीटर. पुण्या-मुंबईत राहणाऱ्यानं डोळे मिटून घ्यावं. मला जमेना.

याच काळात मी एक मूर्खपणा केला. इंटरनेटवर 'नव्यासारखं' कांचन विकायला दिसलं. लाल तबकडी, चकचकीत. म्हटलं, बाबांना सरप्राइज. मागवलं, आणि शनिवारी ते व बाबांचं असं दोन्ही घेऊन पेणला उतरलो. तिथे बाजारात आजोबांच्या वेळेपासूनचं एक घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक काचेची पेटी, एक दिवा आणि मागे एक काका. बाहेर रस्त्यावरून गणपतीचे सांगाडे हातगाडीवर चाललेले (पेणला हे वर्षभर दिसतं), आत काका डोळ्याला भिंग लावून बसलेले.

काकांनी लाल घड्याळ उघडलं आणि हसले. "हे कांचन नाही रे. चार घड्याळांचं एक केलंय. डायल रंगवलीय, केस दुसरीच आहे." जुन्या घड्याळांचे परदेशी शौकीन अशा मालाला चक्क 'मुंबई स्पेशल' म्हणतात हे मला नंतर कळलं. आपल्या शहराचं नाव जगात असं गाजतंय! फसवणूक म्हणावी तर आहे, पण काका म्हणाले ते मला जास्त पटलं. "चालतंय ना? मग घाल. फक्त जुनं म्हणून घेऊ नकोस."

मग त्यांनी बाबांचं उघडलं. आत तांबूस गंज. बराच वेळ काही बोलले नाहीत. मी घाईघाईनं म्हटलं, "काका, मशीन बदलू आणि डायलही रंगवून घेऊ, नवं दिसेल." त्यांनी भिंग काढलं. "बाबांना विचारलंस?"

नव्हतं विचारलं. तिथूनच फोन लावला. बाबा म्हणाले, "मशीन बदलू दे. डाग राहू दे." बस, एवढंच. का, ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

काकांनी एका मोडक्या कांचनचं मशीन काढून ठेवलेलं होतं. तीन आठवडे मागितले. निघताना मी माझी शीट मोबाइलवर दाखवली. त्यांनी एकही आकडा वाचला नाही. "सिटिझन घेतलंस तर मी उघडू शकेन," म्हणाले. "यांच्या ऑटोमॅटिकचं मूळही तेच." शीटमध्ये सत्तावीस रकाने होते, पण 'दुरुस्त कोण करणार' हा नव्हता. घड्याळ घेणाऱ्या प्रत्येकानं हा रकाना पहिला ठेवावा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला माझा विरोध नाही, पण दर काही वर्षांनी तेलपाणी लागतं, आणि ते करणारा माणूस एसटीच्या अंतरावर असला तर ते होतं.

मी सिटिझनचं प्रोमास्टर घेतलं. बेचाळीस मिलिमीटर, २०० मीटर, चावी आठच्या बाजूला, म्हणजे मनगटाला टोचत नाही. सूट धरून तिसात बसलं. यातली मशीनची मालिका सत्तरच्या दशकापासून चालत आलेली. तिचं वजन एकाच दिशेला फिरताना स्प्रिंग भरतं, उलट्या दिशेला मोकळं गरगरतं. जाणकार लोक याला दोष म्हणतात, आवाज येतो म्हणून. मी पहिल्या दिवशी घरी शर्ट घालताना हात झटकला आणि घर्रर्र झालं. तिथेच थांबलो दोन मिनिटं.

दोष आहेत. जाड आहे, शर्टाच्या बाहीत अडकतं. पहिल्याच महिन्यात दिवसाला तीन-चार मिनिटं पुढे पळायला लागलं, तेव्हा धाबं दणाणलं. काकांनी शेजारी होकायंत्र धरलं, सुई हलली. चुंबक लागलेलं. मी रोज रात्री ते लॅपटॉपवर ठेवत होतो आणि झाकणात चुंबक असतात. एका छोट्या यंत्रावरून फिरवलं, अर्ध्या मिनिटात बरं. पैसे घेतले नाहीत. तेव्हा लॅपटॉप, स्पीकर, मोबाइलची झाकणवाली कव्हरं यांपासून लांब ठेवा.

आणि कांचन? चाललं. डागासकट. पण एका आठवड्यात बाबांचा फोन, "बंद पडतंय रे, काकांनी नीट केलं नाही वाटतं." मी रोह्याला गेलो. घड्याळ हातात घेतलं, दहा मिनिटं हलवलं, छान चालू. पेणला नेलं, दोन दिवस काकांकडे एक सेकंदही थांबलं नाही. परत आणलं, बाबांच्या हातात पुन्हा बंद.

मग लक्षात आलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबा दिवसभर ओटीवरच्या खुर्चीत असतात. पेपर, टीव्ही, जेवण, झोप. तीन पाळ्या करणाऱ्या माणसाच्या हातावर जे कधी थांबलं नाही, त्याला आता पुरेशी हालचालच मिळत नाही. मी हे त्यांना कसं सांगावं याचा विचार करत होतो. त्यांनीच हात पुढे करून बघितला आणि म्हणाले, "घड्याळ ठीक आहे तर."

आता रोज सकाळी चहाच्या आधी ते तीस वेळा चावी देतात. आई मोजते. रविवारी फोनवर आम्ही घड्याळं जुळवतो. या रविवारी त्यांचं दोन मिनिटं पुढे होतं, माझं चाळीस सेकंद मागे.