त्याच्या मरणानं मरू द्या, असं म्हणण्याआधी

परदेशात राहणाऱ्या वाशिम-अकोल्याकडच्या आपल्या मंडळींच्या घरात म्हातारं कुत्रं असलं, की एक वाक्य कधी ना कधी कानावर येतंच. आमची लॅब्राडोर चिंगी थकली तेव्हा मंगरूळपीरहून आईनं फोनवर ते वऱ्हाडीत सांगितलं : ‘मरू दे न तिले तिच्या मरणानं, तू काहून पाप घेतं डोक्यावर?’ हे वाक्य मायेतून येतं, यात मला शंका नाही. तरीही मी त्याच्या विरोधात लिहिते आहे. औषधांच्या जोरावर चौदा-पंधरा वर्षं जगवलेल्या कुत्र्याच्या बाबतीत ‘त्याचं मरण’ असं काही शिल्लकच राहिलेलं नसतं. ते आपण केव्हाच पुढे ढकललेलं असतं.

आमच्याकडे सोयाबीन आणि तुरीच्या वावरात रात्री रोही शिरतात, रानडुकरं शिरतात. जागलीला जाणाऱ्या माणसाबरोबर गावरान कुत्रं असायचंच. ती कुत्री कशी मरायची ते मी पाहिलं आहे. कुणी रस्त्यावर ट्रकखाली गेलं, कुणी पिसाळलं, कुणाला कुणीतरी विषाचा घास घातला. एखाद्यानं म्हातारपण गाठलंच, तर ते एक दिवस भाकरीला तोंड लावायचं नाही, गोठ्यामागे सावलीत जाऊन पडायचं आणि दोन-चार दिवसांत संपायचं. आई म्हणते ते मरण हे.

इथं आपल्या घरात काय होतं? मधुमेह झाला की दोन वेळा इन्शुलिन. मूत्रपिंडं थकली की वेगळं खाणं आणि कातडीखाली सलाईन. सांध्यांसाठी गोळ्या, गाठीसाठी शस्त्रक्रिया, भूल देऊन दातांची सफाई. प्रत्येक टप्प्यावर आपण निसर्गाला थांबवलं, आणि ते योग्यच केलं. पण ज्यानं इतकी वर्षं सुई हातात धरली, त्यानं शेवटच्या महिन्यात ती खाली ठेवून ‘आता देवाची मर्जी’ म्हणणं मला पटत नाही. जगवण्याचे सगळे निर्णय आपले आणि मरणाचा तेवढा देवाचा, ही वाटणी कुत्र्याला फार महागात पडते.

गावाकडे तरी सगळं खरंच निसर्गावर सोडलेलं असायचं का? पोळ्याला ज्याची पूजा केली तो बैल थकल्यावर काही घरांनी शेवटपर्यंत दावणीला पोसला. त्यांच्यापुढे मी हात जोडते. पण कितीतरी बैल गुरांच्या बाजारात व्यापाऱ्याच्या हाती गेले आणि पुढे त्यांचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. निर्णय तेव्हाही होत होता, फक्त तो आपल्या डोळ्यांआड दुसरा कुणीतरी पार पाडत होता.

हा वाद आपल्याकडे इंग्रजी सिनेमातून आलेला नाही. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू जखमी होऊन पडलं होतं. डॉक्टरांनी आशा सोडली होती. दुखण्यामुळे त्याला कुशीसुद्धा बदलता येत नव्हती. गांधीजींनी सहकाऱ्यांशी चर्चा केली आणि स्वतः समोर उभं राहून डॉक्टरांकडून त्याला विषाचं इंजेक्शन देववलं. दोन मिनिटांच्या आत सगळं संपलं. त्याच सप्टेंबरअखेर त्यांनी ‘नवजीवन’मध्ये आणि लगोलग ‘यंग इंडिया’त ते उघडपणे लिहिलं. संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला. जीव देता येत नाही त्याला तो घेण्याचा अधिकार नाही, हा युक्तिवाद तेव्हाही झाला. गांधीजींचं म्हणणं असं होतं, की हिंसा ठरते ती हेतूवरून. आपल्या रागासाठी किंवा स्वार्थासाठी दुखवणं ही हिंसा. ज्याची दुसरी कोणतीही सेवा उरली नाही, त्याला वेदनेतून सोडवणं हे अहिंसेच्या विरोधात जात नाही. ज्या माणसानं अहिंसेवर सगळं आयुष्य लावलं, त्यानं हे लिहिलं आहे. ते मान्य करा किंवा करू नका, पण ‘आपल्या संस्कृतीत हे बसत नाही’ असं म्हणून विषय मिटवता येणार नाही.

भारतातला कायदाही हेच मानतो. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या पाठपुराव्यातून आलेल्या १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं तेरावं कलम वाचावं. काही अवस्थांत प्राण्याला जिवंत ठेवणं हीच क्रूरता ठरते, असं ते गृहीत धरतं.

मग आपण इतके का अडखळतो? मला वाटतं, परदेशातल्या माणसाच्या बाबतीत यामागे आणखी काही असतं. आपल्यापैकी कितीजणांना आईवडिलांच्या शेवटच्या क्षणी जवळ असता आलं? रात्री फोन येतो. मिळेल त्या विमानानं मुंबई किंवा नागपूर, तिथून अकोला, मग पातूर-मालेगाव करत वाशिम. पोहोचेपर्यंत राख सावडून झालेली असते. असं ज्याच्या वाट्याला आलं, त्याच्या पायाशी रोज झोपणारं कुत्रं म्हणजे त्याला स्वतःच्या हातांनी सांभाळता आलेला, शेवटपर्यंत सोबत करता येईल असा एक जीव असतो. त्यालाही आपणच निरोप द्यायचा, ही कल्पना त्याला सोसत नाही. म्हणून तो आणखी एक तपासणी करतो, आणखी एक गोळी सुरू करतो. हे दुःख मोठं आहे, त्याला मी हसत नाही. पण ते आपलं आहे. वडिलांच्या वेळी राहून गेलेलं जागरण कुत्र्याच्या हाडांवर भरून काढता येत नाही.

थांबायचं ठरवताना ‘अजून जेवतेय ना’ हा आपला आवडता पुरावा. लॅब्राडोर पाळणाऱ्यांनी तरी त्याच्यावर विसंबू नये. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं, की जवळपास दर चार लॅब्राडोरमागे एकात पीओएमसी नावाच्या जनुकात बिघाड असतो आणि त्यामुळे भूक भागल्याचा संदेश नीट पोहोचत नाही. असं कुत्रं वेदनेत असतानाही ताट चाटून पुसून खाईल. चिंगी खात होती. पण लाकडी जमिनीवर तिचे मागचे पाय फाकायचे. पोटाखालून टॉवेलची झोळी घालून तिला उचलावं लागे. रात्री कारण नसताना धापा टाकायची. सतरंजीवर लघवी झाली की जेमतेम हातभर सरकून भिंतीकडे तोंड करून बसायची. आयुष्यभर घराबाहेर जाण्यासाठी दारावर पंजा मारणाऱ्या त्या कुत्रीला स्वतःची ओल सहन होत नव्हती. डॉक्टर अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची मोजपट्टी इथले अनेक पशुवैद्य देतात : वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. घरातल्या प्रत्येकानं ती वेगवेगळी भरावी. मुलांच्या कागदावरचे आकडे बहुधा आपल्यापेक्षा प्रामाणिक असतात.

प्रत्यक्षात काय होतं, हे आधी माहीत असलेलं बरं. आधी गुंगीचं इंजेक्शन. मग पुढच्या पायाच्या शिरेतून पेंटोबार्बिटल, म्हणजे भुलीचंच औषध, खूप मोठ्या मात्रेत. शुद्ध काही सेकंदांत जाते, हृदय काही मिनिटांत थांबतं. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा खोल श्वास येऊ शकतो, अंग किंचित थरथरू शकतं, लघवी होते. हे कुणी सांगितलेलं नसलं, तर माणूस वर्षानुवर्षं समजतो की तिला त्रास झाला. त्या वेळी खोलीत थांबावं. दाराबाहेर उभं राहणाऱ्यांना मी समजू शकते, पण आपल्या वासाशिवाय अनोळखी टेबलावर जाणं तिच्या वाट्याला येऊ नये.

उलट्या टोकाची घाईही मी पाहिली आहे. भारतात परतायचं आहे, नवीन घरात कुत्री चालत नाहीत, म्हणून बरं-वाईट न पाहता इंजेक्शनची वेळ ठरवणं. जर्मनीत वाजवी कारणाशिवाय कणा असलेल्या प्राण्याला मारणं हा गुन्हा आहे. तसा कायदा सगळीकडे असावा असं मला वाटतं. वेदनेसाठी उघडणारं दार सोयीसाठी उघडलं, तर हे पाप आहे, हा आईचा संशय खरा ठरतो.

गावी मात्र अशा वेदनेविना मरणाची सोय अजून सहज मिळत नाही. तालुक्याचा ढोरांचा दवाखाना गाई-बैल आणि शेळ्यांच्या कामात बुडालेला असतो. कुत्र्यासाठी लोक अकोल्याच्या पशुवैद्यकीय संस्थेपर्यंत जातात. कण्हणाऱ्या कुत्र्याला जीपमध्ये घालून ऐंशीएक किलोमीटर जाणं म्हणजे काय, ते नेणारेच जाणोत. आमच्या वाशिम जिल्ह्यातलं कारंजा तर दत्तावतार नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असलेली तसबीर आमच्या भागात घरोघर आहे. त्या जिल्ह्यात कुत्र्याला वेदनेविना मरण मिळावं, ही मागणी परकी कशी म्हणायची?

इथल्या आपल्या मराठी मंडळाकडे माझं एक मागणं आहे. कुणाच्या घरी माणूस गेलं, तर आपण न सांगता डबे पोहोचवतो. कुत्रं गेलेल्या घरीही त्या आठवड्यात कुणीतरी डबा घेऊन जावं, थोडं बसावं, त्याचं नाव घेऊन बोलावं. आणि निर्णय घेणाऱ्याला ‘अजून थोडं थांबायचं ना’ असं म्हणू नये. किती थांबायचं, हे त्या घरानं रात्ररात्र जागून ठरवलेलं असतं.