वजन उतरवा, पण कुठलं?

मृग जवळ आला की आपल्याकडच्या वेल्डिंगच्या दुकानांत एक वेगळीच गर्दी सुरू होते. कुणाला जुनी मोटारसायकल मागून कापून तिला दोन चाकं आणि कोळपं लावून घ्यायचं असतं, कुणाला मिनी ट्रॅक्टरचं 'फालतू लोखंड' काढून तो हलका करायचा असतो. परदेशात चिखल, दगड, शेत कुठंही घुसणाऱ्या हलक्या गाडीला एटीव्ही म्हणतात. तिथं ती बऱ्याचदा हौसेची वस्तू असते. आपल्याकडं तिची ही गावठी बहीण पोटापाण्यासाठी जन्माला येते. म्हणून हा विषय रील बघून हसण्यावारी नेऊ नका.

जुलै २०२५ मधला अहमदपूर तालुक्यातल्या हाडोळतीचा व्हिडिओ आठवतोय ना? म्हातारा शेतकरी स्वतः औताला जुंपून घेतलेला आणि मागं त्याची बायको. देशभर हळहळ झाली, मदतीचे हात पुढं आले. ते चांगलंच झालं. पण जे दोन-अडीच एकरवाले व्हिडिओत आले नाहीत त्यांचं काय? देवणी आणि लाल कंधारी, दोन्ही नामांकित जाती आपल्याच मातीतल्या, पण बैलजोडी आज छोट्या माणसाला परवडत नाही, आणि तिला वर्षभर खाऊ घालणं तर त्याहून नाही. ट्रॅक्टर भाड्यानं सांगावा तर वाफसा आला की सगळ्यांना एकाच दिवशी पाहिजे असतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेत राज्यातली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर होती. एवढ्याशा रानाला दोन टनांचा ट्रॅक्टर म्हणजे चहा करायला कढई चढवल्यासारखं.

आता आपली काळी माती. ओली असताना तिच्यावर वजनदार चाक गेलं की ती बसते. वरचा थर चाकाच्या दाबानं बसतो, तो पुढच्या पाळीला मोकळा करता येतो. खालचा थर मात्र एक्सलवर किती भार आहे त्यावर बसतो, आणि तिथं रुंद टायर टाकूनही फारसा फरक पडत नाही. तो घट्ट थर सोयाबीनच्या मुळ्या अडवतो, पाणी मुरू देत नाही. ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा, १५ अश्वशक्तीचा मिनी पाऊण टनाच्या आसपास, आणि साधी मोटारसायकल ११०-१२० किलोची. नांगरटीला वजन लागतंच, हलकी गाडी तिथं नुसती चाकं फिरवत बसते. पण कोळपणी, फवारणी, खताची दोन पोती बांधावर नेणं, ह्या कामांना वजन लागत नाही. मग ह्या कामांसाठी गाडी हलकी करायलेत त्यात चूक काय? काहीच नाही. माझं भांडण फक्त एवढंच आहे की वजन चुकीच्या जागचं काढायलेत.

बहुतेक ठिकाणी सांगाडा भरीव सळईचा करतात. 'मजबूत पाहिजे' म्हणून. २५ मिलिमीटरची भरीव सळई मीटरला ३.८५ किलो भरते. त्याऐवजी एक इंची, सव्वातीन मिलिमीटर जाडीचा पोकळ पाईप घ्या. तो मीटरला २.४ किलोच्या आसपास भरतो, आणि वाकण्याच्या बाबतीत त्या सळईपेक्षा साधारण ४० टक्के जास्त ताकद देतो. म्हणजे लोखंड कमी, पैसे कमी, ताकद जास्त. यात जादू नाही, वाकताना लोखंडाच्या बाहेरच्या कडेवरच सगळा ताण येतो, मधलं लोखंड नुसतं ओझं असतं. फक्त पाईप काळा घ्या. जीआयवर वेल्डिंग केलं की जस्ताचा धूर छातीत जातो. असा सात-आठ मीटरचा सांगाडा असला तरी दहा-बारा किलो सहज वाचतात. मागचं सीट, कॅरियर, हौसेचे गार्ड, म्युझिकचा डबा, हे तर आधीच काढा, त्यावर वाद नाही.

पण दुकानात आधी हात कशाला जातो? चेनकव्हरला. मग मडगार्डला. मग पुढच्या ब्रेकला, 'शेतात कुठं जोरात पळवायची आहे' म्हणून. चेनकव्हर जेमतेम किलोभराचं असतं. त्या किलोभरासाठी धोतराचा सोगा, साडीचा पदर किंवा लेकराची बोटं उघड्या चेनीपुढं ठेवायची? ट्रॅक्टरवाल्यांचंही तेच. पुढची वजनाची प्लेट काढतात आणि मागं रोटाव्हेटर लावतात, मग चढावर पुढची चाकं उचलतात. ती प्लेट तिथं कंपनीनं शोभेला ठेवलेली नसते. आणि मिनी ट्रॅक्टरवर डोक्यामागचा लोखंडी आडवा दांडा असला तर तो कापू नका. गाडी उलटली तर माणूस आणि जमीन यांच्यात तेवढंच उरतं.

याच्या उलट, जे वजन खरं धोक्याचं त्याकडं कुणी बघत नाही. फवारणीची २०० लिटरची टाकी म्हणजे २०० किलो, कापलेल्या गाडीपेक्षाही जास्त. आणि ती बसवतात कुठं, तर सगळ्यात वर. अर्धी झाली की पाणी आत हिंदकळतं, आणि कंधार-मुखेड-जळकोटकडच्या बालाघाटाच्या उतारावर ते गाडीला घेऊनच कलंडतं. टाकी छोटी करा, खाली घ्या, आत आडवे पडदे टाका.

अजून एक, थोडं विषयांतर वाटेल. स्कूटरच्या इंजिनावरचं पंख्याचं झाकण 'वजन' म्हणून काढू नका. ते वारा वळवून इंजिन गार ठेवतं. मोटारसायकलच्या इंजिनाला तर पंखाच नसतो, पळताना लागणाऱ्या वाऱ्यावर ते गार होतं. शेतात बैलाच्या चालीनं चालवलं की तापून बसतं. तिथं छोटा पंखा बसवून वजन वाढवावंच लागतं.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये हेच ठाम सांगितलं. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते बरोबरच आहे, कापलेली गाडी घेऊन कुणी लोहा-लातूर रस्त्यावर येऊ नये. पण शेतात जायला रस्ता ओलांडावाच लागतो, आणि त्या दोनशे मीटरसाठी माणूस गुन्हेगार ठरतो. सांगलीतल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किकनं सुरू होणारी छोटी जीप बनवली, तेव्हा आनंद महिंद्रांनी जाहीरपणे कौतुक केलं आणि जानेवारी २०२२ मध्ये ती जीप घेऊन त्यांना बोलेरो दिली. रस्त्याच्या नियमात ती बसत नाही हेही महिंद्रांनीच सांगितलं होतं. प्रत्येक लोहाराला महिंद्रा भेटत नाहीत. सरकारी अनुदान मागावं तर यंत्राचा चाचणी अहवाल लागतो, तो गावच्या वेल्डरनं कुठून आणायचा? म्हणजे अनुदान कंपनीच्या वजनदार यंत्राला, आणि हलकं यंत्र करणाऱ्याला फक्त भीती.

दुसरीकडं अभियांत्रिकीची पोरं काय करतात बघा. २००७ पासून देशात 'बाहा' नावाची स्पर्धा होते, त्यात विद्यार्थी स्वतः एटीव्ही बनवतात. इंजिन ठरलेलं, त्यामुळं वजन कमी करण्यासाठी ती ग्रॅम-ग्रॅमवर भांडतात. पण चालकाभोवतीच्या पिंजऱ्याची ताकद आणि ब्रेक यावर तडजोड चालत नाही, तपासणीत नापास झालेली गाडी धावतच नाही. नेमकं हेच ज्ञान आपल्या वेल्डरला पाहिजे. नांदेडला विष्णुपुरीत श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे. लातूर, नांदेड, दोन्हीकडं तंत्रनिकेतनं आहेत, पोखर्णी आणि सगरोळीला कृषी विज्ञान केंद्रं आहेत, परभणीला कृषी विद्यापीठ आहे. यांनी मे महिन्यात तालुक्याला दोन दिवस काढावेत. शेतकऱ्यानं आपली गाडी आणावी, काट्यावर पुढचं-मागचं वजन वेगळं मोजावं, उतारावर कलंडते का ते दोर बांधून बघावं, ब्रेक तपासावा आणि काय काढायचं, काय ठेवायचं हे लिहून द्यावं. पास झालेल्या गाडीला एक क्रमांक द्यावा आणि गावच्या हद्दीत दिवसाउजेडी, ताशी १५ किलोमीटरच्या आत चालवायची परवानगी जिल्हा प्रशासनानं परिवहन खात्याकडं मागावी.

याला नवी इमारत लागत नाही, टेंडर लागत नाही. वजनकाटे तर आडत बाजारात आहेतच. आमदार-खासदारांपैकी कुणी ही पोस्ट वाचत असेल तर एवढंच सांगा, पुढच्या मृगाआधी निदान एका तालुक्यात हे करता का?