टेकूचं घर, लिफ्टचं घर
गिरगावातल्या चाळीत जिन्याला टेकू लागले तरी भाडं जागचं हलत नाही. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने ते १९४०च्या पातळीला खिळवून ठेवलं. २००० पासून वर्षाला ४ टक्के वाढ मिळू लागली, पण ४ टक्के कशावर? मूळ आकडा बघून मालक गळकं छप्परही शाकारणार नाही, म्हणून त्याआधीच १९६९चा दुरुस्ती कायदा आला होता: उपकर भरायचा आणि डागडुजीसाठी दुरुस्ती मंडळाची वाट बघायची. (वाट बघणं फुकट.) आता पुनर्विकासात चाळीच्या जागी टॉवर. जुन्या भाडेकरूला घर मोफत, पण दोन लिफ्ट, पंप, जनरेटर, अग्निशमन यंत्रणा आणि रखवालदार कोणाच्या खिशातून? मेंटेनन्स महिना ७५०० रुपयांवर गेला आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे असली, की वर १८ टक्के जीएसटी. बिल्डरने देखभालीसाठी कॉर्पस फंड दिला असेल तर त्याच्या व्याजावर काही वर्षं ढकलता येतात. लालबागला बाविसाव्या मजल्यावर गेलेली आमची मावशी पाहुण्यांना कौतुकाने सांगते, "जागा फुकट मिळाली हो!" आणि महिन्याचं बिल आलं की न वाचताच लेकाच्या हातात देते.